बस कोणाची, आगार कोणाचे? वाचकांच्या प्रश्नांना उत्तरे

शहरातील बससेवा सरकारच्या मालकीची असावी की खासगी कंपन्यांच्या, या विषयावर वाचकांची बरीच पत्रे आली. काही पत्रे रागाने लिहिलेली आहेत, काही हिशेब मांडून. त्यांपैकी सहा प्रश्न संक्षेपाने येथे घेतले आहेत.

प्रश्न : मी निवृत्त हिशेबतपासनीस आहे. सार्वजनिक बससेवेचा ताळेबंद दरवर्षी तोटा दाखवतो. खासगी मालक तशीच बस, त्याच रस्त्यावर नफ्यात चालवून दाखवतो. मग हा तोटा करदात्यांनी का सोसायचा?

खासगी मालक नफ्यात चालवतो ती बस कोणत्या वेळेची आणि कोणत्या मार्गावरची असते, हे आधी पाहावे लागेल. सकाळी नऊची, मुख्य रस्त्यावरून जाणारी, दाराशी लोंबकळणाऱ्या प्रवाशांनी भरलेली बस कोणीही नफ्यात चालवू शकतो. सार्वजनिक सेवेच्या वेळापत्रकात तिच्याबरोबर पहाटेची पहिली फेरी असते, रात्रीची शेवटची असते, रविवारची असते आणि शहराच्या टोकाला जिथे रस्ता संपतो तिथवर जाणारीही असते. खासगी मालकाने केवळ पहिली निवडली आणि उरलेल्या दुसऱ्या ताळेबंदात गेल्या, तर दोन ताळेबंदांची तुलना कशी करणार?

पुष्कळ वर्षांपूर्वी प्रवासी मोजणीच्या कामासाठी मी एका मार्गाच्या शेवटच्या फेरीत वही घेऊन बसलो होतो. टोकाच्या थांब्यापर्यंत एकंदर अकरा प्रवासी चढले. हॉटेलात भांडी घासणारे दोघे होते, एक पहारेकरी होता, दवाखान्यातील दुपारपाळी संपवून निघालेल्या एक परिचारिका होत्या. पत्रकात मी नियमाप्रमाणे ‘उत्पन्न कमी’ असा शेरा लिहिला. त्या परिचारिका माझ्या वहीकडे पाहून म्हणाल्या, “ही गाडी बंद करू नका हो. ही आहे म्हणून मी दुपारी बसने येते.” त्यांचे दुपारचे तिकीट दुसऱ्याच, भरलेल्या आणि फायद्यातील फेरीच्या खात्यावर जमा होत होते. शेवटची फेरी काढली असती, तर ते तिकीटही गेले असते, आणि ते का गेले हे कोणत्याही पत्रकात उमटले नसते. हा शेरा लिहिताना माझे चुकले, असे मला आजही वाटते.

बसच्या अर्थशास्त्रात याच्याशी जवळचा एक सिद्धान्त आहे. हर्बर्ट मोहरिंग या अर्थतज्ज्ञाने १९७२ मध्ये दाखवून दिले की प्रवासी वाढले की फेऱ्या वाढवता येतात, फेऱ्या वाढल्या की प्रत्येकाचे थांबणे कमी होते आणि त्यामुळे आणखी प्रवासी येतात. हे चक्र उलटेही फिरते. तोटा आहे म्हणून फेऱ्या कमी करायच्या, फेऱ्या कमी म्हणून प्रवासी दुचाकी घेणार, प्रवासी घटले म्हणून तोटा वाढणार. बससेवेला अनुदान का द्यावे, याचे सर्वांत भक्कम उत्तर या चक्रात आहे, आणि बस कोणाच्या मालकीची आहे यावर ते अवलंबून नाही.

तुमचा राग मात्र अनाठायी नाही. एका सुट्या भागासाठी बस महिनोन्‌महिने कार्यशाळेत उभी राहते, खरेदीची फाइल टेबलावरून हलत नाही, निवडणुकीच्या भीतीने भाडेवाढ वर्षानुवर्षे टाळली जाते आणि त्यातून पडणारी तूट उपक्रमाला कोणी भरूनही देत नाही. हा तोटा सेवेचा नव्हे, ढिलाईचा आहे. तुम्ही हिशेबतपासनीस आहात, म्हणून विनंती करतो की या दोन तोट्यांची खाती वेगळी मांडण्याचा आग्रह धरा. आज ती एकाच रकान्यात येतात आणि त्यामुळे शेवटच्या फेरीतील परिचारिका आणि कार्यशाळेतील बेपर्वाई यांना एकच शिक्षा होते.

प्रश्न : परवाने सर्वांना खुले करावेत. स्पर्धा आली की भाडे उतरते आणि सेवा सुधारते, हे प्रत्येक धंद्यात दिसते. बसच्या धंद्याला वेगळा न्याय का?

कारण थांब्यावर उभा असलेला माणूस निवड करत नाही. दुकानात दोन वस्तू हातात घेऊन तुलना करता येते. थांब्यावर जी बस आधी येईल तिच्यात माणूस चढतो, कारण दुसरी अधिक स्वच्छ किंवा स्वस्त असली तरी ती केव्हा येईल याची शाश्वती नसते. त्यामुळे स्पर्धा चांगली बस चालवण्याची होत नाही, दुसऱ्याच्या बसच्या एक मिनिट आधी थांब्यावर पोहोचण्याची होते. कोलंबियाची राजधानी बोगोटा येथे या प्रकाराला स्थानिक भाषेत ‘पैशापैशाची लढाई’ अशा अर्थाचे नावच पडले होते. चालकाची कमाई प्रवाशांच्या संख्येवर अवलंबून असल्याने दोन बस एकाच थांब्यासाठी शर्यत लावत, आणि वृद्ध प्रवासी उतरायला वेळ लावतो म्हणून तो नकोसा होई. श्रीलंकेत १९५८ मध्ये बससेवेचे राष्ट्रीयीकरण झाले आणि १९७९ पासून खासगी बसला पुन्हा परवानगी मिळाली. तेथेही रस्त्यावरील शर्यत हे मोठे दुखणे होऊन बसले.

सर्वांत मोठा प्रयोग ब्रिटनमध्ये झाला. १९८५ च्या वाहतूक कायद्याने लंडन वगळता ग्रेट ब्रिटनमध्ये बसमार्ग २६ ऑक्टोबर १९८६ पासून खुले करण्यात आले. ४२ दिवसांची पूर्वसूचना दिली की कोणत्याही कंपनीला मार्ग सुरू करता येई आणि तेवढ्याच सूचनेवर तो बंदही करता येई. प्रतिकिलोमीटर खर्च कमी झाला, काही शहरांत छोट्या बसगाड्या वारंवार धावू लागल्या, आणि ही गोष्ट नाकारण्यात अर्थ नाही. परंतु डार्लिंग्टन या गावात काय झाले, तेही पाहा. तेथील नगरपालिकेची बसकंपनी १९९४ मध्ये विक्रीला निघाली होती. स्टेजकोच या बड्या कंपनीने तिचे चालक जादा रक्कम देऊन आपल्याकडे ओढले आणि तिच्याच मार्गांवर फुकट बस सोडल्या. नगरपालिकेच्या कंपनीला खरेदीदार उरला नाही आणि ती बुडाली. ब्रिटनच्या मक्तेदारी व विलीनीकरण आयोगाने १९९५ मध्ये या वागणुकीला लोकहिताच्या विरुद्ध आणि निंद्य ठरवले, पण तोवर बुडालेली कंपनी परत येणार नव्हती. पहिल्या काही वर्षांच्या धुमश्चक्रीनंतर बहुतेक भागांत एकेक मोठी कंपनी उरली. म्हणजे स्पर्धेच्या नावाने सुरू झालेल्या प्रवासाचा शेवट मक्तेदारीत झाला, आणि या मक्तेदाराला मतदारांची भीतीही नव्हती.

पुढील तीन दशकांत इंग्लंडच्या लंडनबाहेरील महानगरांतील बसप्रवास निम्म्याहून कमी झाला आणि लंडनमधील जवळपास दुप्पट झाला. याचे सारे श्रेय किंवा सारा दोष मालकीच्या पद्धतीला देणे बरोबर होणार नाही, कारण लंडनची लोकसंख्या वाढली, तेथे अनुदान अधिक होते आणि २००३ पासून मध्यवर्ती भागात मोटारींवर गर्दीशुल्कही आले. तरीही फरक इतका ठळक आहे की तो डोळ्यांआड करता येत नाही.

प्रश्न : लंडनची बससेवा खासगी आहे असे काही जण सांगतात, सरकारी आहे असे काही जण. खरे काय?

दोन्ही खरे आहे, आणि या चर्चेतील बराचसा गोंधळ येथूनच सुरू होतो. ‘बस कोणाची’ या एका प्रश्नात वास्तविक चार-पाच प्रश्न दडलेले असतात. मार्ग कोण आखतो? वेळापत्रक आणि भाडे कोण ठरवते? तिकिटाचा पैसा कोणाच्या खिशात जातो? बस, चालक आणि आगार कोणाचे? लंडनमध्ये मार्ग, वेळापत्रक, भाडे, बसचा लाल रंग आणि तिकिटाचे उत्पन्न सार्वजनिक प्राधिकरणाकडे आहे. बस आणि चालक खासगी कंपन्यांचे आहेत आणि प्रत्येक मार्गासाठी त्या निविदा भरतात. कंपनीला पैसे मिळतात ते ठरलेल्या फेऱ्या ठरल्याप्रमाणे चालवल्याबद्दल, प्रवासी गोळा केल्याबद्दल नव्हे. त्यामुळे थांब्यावरील शर्यतीला कारण उरत नाही.

पण ‘ठरल्याप्रमाणे’ या शब्दाची व्याख्या करारात कशी लिहिली आहे, यावर सगळे अवलंबून असते. समजा, एका मार्गावर दर १० मिनिटांनी बस आहे. बस वेळेवर येत असतील, तर थांब्यावर कोणत्याही क्षणी येणाऱ्या प्रवाशाला सरासरी ५ मिनिटे थांबावे लागेल. आता मागची बस पुढचीला येऊन चिकटली आणि दोन बसमधील अंतर आळीपाळीने २ आणि १८ मिनिटे झाले. तासाला बस सहाच धावल्या, किलोमीटर तितकेच भरले, कंपनीच्या हिशेबात काहीही चुकले नाही. पण दर १० प्रवाशांपैकी ९ जण त्या १८ मिनिटांच्या खिंडीत सापडतात आणि सरासरी ९ मिनिटे थांबतात. उरलेला एक जण सरासरी १ मिनिट थांबतो. सर्वांची मिळून सरासरी ८.२ मिनिटे होते. ही वरची ३.२ मिनिटे प्रवाशाकडून घेतलेली आहेत आणि केवळ किलोमीटर मोजणाऱ्या करारात ती कोठेही दिसत नाहीत. लंडनने २००१ पासूनच्या करारांत, वारंवार बस असलेल्या मार्गांसाठी, नेमकी हीच जादा प्रतीक्षा मोजून त्यावर बक्षीस आणि कपात ठेवली. मला स्वतःला त्या शहराच्या बसव्यवस्थेतील सर्वांत अनुकरणीय गोष्ट हीच वाटते; बस लाल की पिवळी हा मुद्दा गौण आहे.

करार चुकीचा लिहिला की काय होते, याचे उदाहरण चिलीची राजधानी सँटियागो येथे आहे. तेथे पूर्वी चालकाला तिकिटामागे पैसे मिळत आणि रस्त्यावर शर्यती लागत. हे थांबवण्यासाठी १० फेब्रुवारी २००७ या एकाच दिवशी संपूर्ण शहराचे मार्ग बदलून नवी व्यवस्था आणली गेली. कंपन्यांना बहुतांश उत्पन्नाची हमी दिलेली होती. प्रवासी नेले काय आणि न नेले काय, पैसे जवळपास तेवढेच मिळणार असल्याने पुरेशा बस रस्त्यावर आल्याच नाहीत, थांब्यांवर झुंबड उडाली आणि राष्ट्राध्यक्ष मिशेल बाशेले यांना लोकांची माफी मागावी लागली. आधीची शर्यत आणि नंतरची बेफिकिरी, दोन्ही वेळी बस खासगीच होत्या. बदलली होती ती पैसे देण्याची रीत.

दक्षिण कोरियाची राजधानी सोलने १ जुलै २००४ पासून मधला मार्ग धरला. खासगी कंपन्या तशाच ठेवल्या, पण मार्ग आणि उत्पन्न शहराने आपल्या हाती घेतले, बस बदलली तरी अंतरानुसार एकच भाडे लागेल अशी कार्डाची सोय केली आणि लांब पल्ल्याच्या, स्थानिक व इतर मार्गांच्या बसना वेगवेगळे रंग दिले. सेवा सुधारली, मात्र कंपन्यांचा खर्च भागवण्यासाठी शहराला द्यावी लागणारी रक्कमही पुढे वाढत गेली.

प्रश्न : सरकारी मालकीची बसकंपनी उत्तम चालल्याचे एक तरी उदाहरण आहे का, की आम्ही केवळ तत्त्वासाठी भांडायचे?

आहे. ब्रिटनमधील एडिनबर्गची लोदियन बसेस आणि रेडिंगची बसकंपनी या दोन्ही स्थानिक परिषदांच्या मालकीच्या आहेत आणि १९८६ नंतरच्या खुल्या बाजारात, खासगी कंपन्यांच्या समोर उभ्या राहून, चांगल्या सेवेबद्दल नावाजल्या गेल्या आहेत. त्यांच्यात मला एक समान गोष्ट दिसते. मालकी परिषदेची असली तरी कंपनीचा कारभार स्वतंत्र आहे. मार्गाची फेरी कोणाच्या शिफारशीवरून वळत नाही. सरकारी बससेवा बिघडते ती बहुधा मालक सरकार आहे म्हणून नव्हे, तर मालक रोज स्वयंपाकघरात येऊन फोडणीत हात घालतो म्हणून.

प्रश्न : माझे वडील बसचालक आहेत. सेवा कंत्राटदाराकडे गेल्यापासून त्यांचे वेतन घटले आणि फेऱ्या वाढल्या. बचत झाली असे वर्तमानपत्रात येते. ही बचत नेमकी कोणाच्या खिशातून आली?

तुमच्या वडिलांच्या. हे स्पष्ट लिहायला मला संकोच वाटत नाही. बस चालवण्याच्या खर्चात मनुष्यबळाचा वाटा सर्वांत मोठा असतो. इंधन आणि बसची किंमत सर्व निविदाकारांना साधारण सारखीच पडते. म्हणून सर्वांत कमी दराची निविदा जिंकते, तेव्हा हा कमी दर बहुतेक वेळा वेतनातून किंवा दोन फेऱ्यांमधील विश्रांतीतून काढलेला असतो. शेवटच्या थांब्यावरील ती आठ-दहा मिनिटे कागदावर रिकामी दिसतात. प्रत्यक्षात त्याच वेळात चालक पाणी पितो, शौचालयात जातो, पाठ सरळ करतो आणि उशीर झालेली बस पुन्हा वेळेवर येते. ही मिनिटे कापली की पहिला उशीर दिवसभर पुढे पुढे ढकलला जातो. महिला वाहकांना तर टोकाच्या थांब्यावर शौचालय नसल्याने पाळीभर पाणी न पिण्याची सवय लावून घ्यावी लागते, आणि ही गोष्ट कोणत्याही निविदेत नोंदलेली नसते याची मला चीड येते.

यावर उपाय नाही असे नाही. मार्ग एका कंपनीकडून दुसरीकडे गेला तरी कर्मचारी त्याच सेवाशर्तींवर नव्या कंपनीकडे जातील, असे संरक्षण ब्रिटनच्या कायद्यात आहे. निविदेतच किमान वेतन, विश्रांतीची मिनिटे आणि टोकाच्या थांब्यावरील सोयी ठरवून दिल्या, तर कंपन्यांना चढाओढ व्यवस्थापनाच्या कौशल्यावर करावी लागेल. ते करायचे की नाही, हे निविदा काढणाऱ्याच्या हातात असते. कंत्राटदाराला दोष देऊन त्याला हात झटकता येत नाहीत.

प्रश्न : आमच्या शहराची बससेवा खासगी कंपनीकडे सोपवण्याचा ठराव सभेपुढे येणार आहे. आम्हा नागरिकांना एकच प्रश्न विचारण्याची संधी मिळाली, तर कोणता विचारावा?

आगाराची जागा कोणाच्या नावावर राहणार, हा.

भाडे, बसची संख्या, वातानुकूलन याविषयी पुष्कळ लोक बोलतील. आगाराविषयी सहसा कोणी बोलत नाही, कारण प्रवासी तेथे कधी जात नाही. पण बस रात्री उभी राहते, धुतली जाते, इंधन भरते किंवा चार्ज होते आणि दुरुस्त होते ती तेथेच. आगार मार्गापासून लांब असेल, तर प्रत्येक बस सकाळी आणि रात्री रिकामीच धावते आणि या रिकाम्या किलोमीटरचा खर्च भरून काढता येत नाही. शहरात बस उभ्या करण्याजोगी मोठी जागा पुन्हा मिळणे जवळजवळ अशक्य असते. म्हणून ज्या कंपनीच्या ताब्यात आगार असते, तिच्याविरुद्ध पुढील निविदेत कोणी उभा राहू शकत नाही. निविदा निघते, पण स्पर्धा नसते. लंडनमध्ये बरीच आगारे कंपन्यांच्याच हाती असल्याने ही अडचण तेथेही जाणवते.

सिंगापूरने २०१६ मध्ये कंत्राटी पद्धत पूर्णपणे लागू केली, तेव्हा आगारे आणि बसगाड्या दोन्ही सरकारी प्राधिकरणाच्या मालकीच्या ठेवल्या. कंपनी येते, चालवते, मुदत संपली की किल्ल्या परत देते. इंग्लंडमधील ग्रेटर मँचेस्टरने २०१७ च्या बससेवा कायद्याचा आधार घेऊन बससेवा पुन्हा सार्वजनिक नियंत्रणाखाली आणली. कंपन्या न्यायालयात गेल्या आणि हरल्या. सप्टेंबर २०२३ ते जानेवारी २०२५ या काळात तीन टप्प्यांत हे काम झाले, पण त्यासाठी प्राधिकरणाला आगारे विकत घ्यावी लागली. १९८६ मध्ये हातातून गेलेले परत मिळवायला जवळपास चार दशके गेली, आणि जागेची किंमत पुन्हा मोजावी लागली.

आणखी एक शक्यता सभेपुढे ठेवा. कंपनीच निघून गेली तर? माल्टामध्ये पूर्वी बस चालकांच्या स्वतःच्या मालकीच्या असत. २०११ मध्ये ती व्यवस्था मोडून संपूर्ण बेटाची सेवा एका परदेशी कंपनीकडे देण्यात आली आणि अडीच वर्षांत, २०१४ च्या आरंभी, ती कंपनी बाहेर पडली. दुसऱ्या दिवशी सकाळी बस धावायलाच हव्यात म्हणून सरकारला सेवा आपल्याकडे घ्यावी लागली. आपल्याकडे ही वेळ आली, तर पहिली बस कोणत्या फाटकातून बाहेर पडेल, आणि त्या फाटकाची किल्ली कोणाकडे असेल?

आगाराच्या खालोखाल तिकिटांची माहिती. कोणत्या थांब्यावर, कोणत्या वेळी किती लोक चढतात, याचा रोजचा हिशेब नगरपालिकेच्या हाती येईल अशी अट मसुद्यात हवी; नाहीतर पाच वर्षांनी नवी निविदा काढताना जुन्या कंपनीला सर्व काही ठाऊक असेल आणि तुम्हाला काहीच नाही. त्याचबरोबर वेळापत्रक आखू शकणारी दोन-तीन माणसे पगारावर कायम ठेवायला सांगा. बस विकत घेता येतात, पण कोणत्या शाळेची सुट्टी केव्हा होते आणि कोणत्या पुलावर पावसाळ्यात किती मिनिटे जातात हे ज्यांना तोंडपाठ आहे अशी माणसे एकदा पांगली की गोळा होत नाहीत.

ठरावाच्या मसुद्यात आगाराच्या जागेविषयी एक ओळही नसेल, तर ती लिहून येईपर्यंत ठराव पुढच्या सभेवर ढकलण्याची मागणी करा, आणि ती लेखी द्या.